एकाच मापाच्या दोन गाड्या

मंडळाच्या पिकनिकला आम्ही आमची जुनी एम.जी. घेऊन गेलो की दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली म्हणजे मुलं, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे बाबा, तिच्यात बसून फोटो काढून घेतात. दुसरी म्हणजे कोणीतरी आम्हाला भेळेच्या टेबलापासून जरा बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "खरं सांगा, रिटायर झाल्यावर अशी एखादी उघड्या टपाची गाडी घ्यावी असं मनात आहे. जुनी घेऊ का नवी?" तेवढ्यात वहिनी येतात, "काही नको, आधी किचन करून घ्यायचंय" म्हणतात, आणि विषय तिथेच राहतो.

इतकी वर्षं आम्हीही "ज्याची त्याची आवड" म्हणून वेळ मारून नेत होतो. यंदा मात्र हा प्रश्न आमच्याच घरात आला. आमच्याकडे १९६७ सालची एम.जी.बी. आहे आणि लेकीकडे २०१९ सालची माझदा मियाटा. दोन्ही दोन सीटच्या, दोन्ही गिअरच्या, दोन्हींचं छप्पर उघडणारं. नातीला या वर्षी सतरा पूर्ण झाल्यावर न्यू जर्सीचं लायसन्स मिळालं, नंबरप्लेटच्या कोपऱ्यात एकवीस वर्षांखालच्या चालकांना लावावे लागतात ते लाल स्टिकर आले, आणि एका रविवारी आमटीभात जेवता जेवता तिने विचारलं, "आजी, एम.जी. पुढे कोण चालवणार?"

प्रश्न तिने सहज विचारला. पण आम्ही दोघंही पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहोत, त्यामुळे त्यातला 'पुढे' हा शब्द दोघांच्याही ध्यानात राहिला. गाडी द्यायची तर कोणाला, आणि नातीला गिअरची गाडी शिकवायची तर कोणत्या गाडीवर, हे दोन्ही ठरवायचं होतं. म्हणून उन्हाळाभर मियाटा आमच्या गराजमध्ये आणून ठेवली आणि जून ते ऑगस्ट दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या. त्यातून जे कळलं ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, निदान भेळेच्या टेबलापाशी तेच तेच सांगणं तरी टळेल.

सुरुवात केली ती टेपने. दोन गाड्या शेजारी शेजारी लावून मापं घेतली तेव्हा आम्हालाच आश्चर्य वाटलं. एम.जी.बी.च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९१ इंच; मियाटाचं त्याहून दशांश इंचाने कमी. लांबीत जेमतेम एका इंचाचा फरक, उंची दोघींची ४९ इंचांच्या आसपास. या गाड्यांमध्ये बावन्न वर्षांचं अंतर आहे. या बावन्न वर्षांत बाकीच्या गाड्या कशा फुगत गेल्या ते आपण बघतोच. पहिली होंडा सिव्हिक आणि आजची सिव्हिक शेजारी ठेवली तर आई-लेकरू वाटतात. मियाटा फुगली ती फक्त रुंदीत. एम.जी. साठ इंच, ती अडुसष्ट. ही जास्तीची आठ इंच बरीचशी दाराच्या जाडीत आणि दोन माणसांच्या खांद्यांमध्ये गेली आहेत. वजनात फरक सुमारे तीनशे पौंडांचा, आणि तेवढ्यात एअरबॅग, ए.सी., मागचा कॅमेरा आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा असा सगळा संसार बसवलेला आहे. हे सोपं काम नाही.

मापं जुळण्यामागे कारण आहे, आणि ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

एम.जी. म्हणजे मॉरिस गराजेस. ऑक्सफर्ड शहरात विल्यम मॉरिस यांचं गाड्या विकण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचं हे नाव. तिथल्या सेसिल किंबर या मॅनेजरने १९२०च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर सुबक बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे ही मोटारींची जात जन्माला आली. एम.जी.बी. ही त्यातली सर्वांत खपलेली. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात, पक्क्या छपराच्या जी.टी. धरून, सव्वापाच लाखांच्या घरात बनल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक परदेशी गेल्या, मुख्यतः अमेरिकेत. किंमत अडीच-पावणेतीन हजार डॉलर. श्रीमंतांची गाडी ती नव्हतीच. शाळामास्तर, नर्स, नुकता नोकरीला लागलेला इंजिनिअर यांची होती.

आता आपल्या वाचकांसाठी यातली खास गंमत. मॉरिस यांच्याच घराण्यातली 'मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन' ही गाडी १९५७ साली हिंदुस्तान मोटर्सने कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि तिचं नाव ठेवलं ॲम्बॅसॅडर. म्हणजे लाल दिव्याची ॲम्बॅसॅडर आणि आमची एम.जी. एकाच गोत्रातल्या. एवढंच नाही, थोड्याच वर्षांत ॲम्बॅसॅडरमध्ये जे १४८९ सी.सी.चं इंजिन आलं ते 'बी सिरीज'चं, आणि आमच्या गाडीतलं १७९८ सी.सी.चं इंजिनही त्याच बी सिरीजचं. सख्खी नाहीत, पण चुलत भावंडं नक्कीच. त्यामुळे बॉनेट उघडलं की साठीपुढचे मराठी गृहस्थ क्षणभर थबकतात. एकाने तर ओळख-पाळख नसताना कार्बोरेटरकडे बोट दाखवून "यात तेल टाकता ना वेळेवर?" असंच विचारलं. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडं टाकून, रेडिएटरवर ओलं फडकं धरून उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आमची गाडी परकी वाटत नाही. (हल्ली पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर २०१९ पासून एम.जी.चा अष्टकोनी बिल्ला लावलेल्या मोठ्या गाड्या दिसतात. त्या गुजरातेत हालोलला बनतात, नाव चिनी कंपनीकडे गेलं आहे. आमच्या गाडीशी त्यांचं नातं बिल्ल्यापुरतंच.)

ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद पडला. अमेरिकेचे सुरक्षेचे आणि धुराचे नियम पाळता पाळता शेवटच्या वर्षांत एम.जी.बी.ची पार रया गेली होती. १९७४च्या शेवटापासून तिला काळे रबरी बंपर बसवले, उंची दीडेक इंचाने वाढवली, इथल्या गाड्यांचा एक कार्बोरेटर काढला आणि ९५ अश्वशक्तीची ६२ वर आली. सुंदर मुलीला प्लास्टरमध्ये घालून स्वयंवराला बसवावं तसं. कारखाना बंद झाल्यावर साधारण माणसाला परवडेल अशी उघडी, हलकी, दोन सीटची गाडी अमेरिकेत जवळजवळ मिळेनाशी झाली.

ती पोकळी भरून काढली जपान्यांनी, आणि ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. माझदाचे केनिची यामामोतो हे रोटरी इंजिनसाठी प्रसिद्ध असलेले इंजिनिअर. सत्तरच्या दशकात बॉब हॉल नावाच्या, जपानी बोलणाऱ्या एका अमेरिकन मोटार-पत्रकाराला त्यांनी विचारलं की आम्ही पुढे कोणती गाडी बनवावी? हॉलने फळ्यावर चित्र काढून सांगितलं: जुन्या इंग्रजी गाड्यांसारखी साधी, हलकी, उघडी. पुढे हॉल माझदातच नोकरीला लागला. यामामोतोंनी मग ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्रजी गाडी हाकोनेच्या डोंगरात स्वतः चालवून पाहिली आणि त्यांना मुद्दा पटला. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या स्टुडिओत टॉम मातानो आणि मंडळींनी आकार दिला, हिरोशिमात तोशिहिको हिराई यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मियाटा लोकांपुढे आली तेव्हा किंमत होती १३,८०० डॉलर आणि लोक त्यावर जास्तीचे पैसे देऊन ती नेत होते. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा बनली. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्‌स गाड्यांत इतक्या दुसऱ्या कोणत्याच विकल्या गेलेल्या नाहीत.

या लोकांनी इंग्रजी गाड्यांची नक्कल केली असं म्हणणं सोपं आहे. आम्हाला ते अर्धवट वाटतं. त्यांनी आधी एक प्रश्न विचारला: या गाड्यांत बसलेला माणूस हसतो का? हसण्याची कारणं वेगळी काढली, आणि वैतागाची कारणं टाकून दिली. घोडा आणि स्वार एक व्हावेत अशा अर्थाचा 'जिंबा इत्ताई' हा शब्द ते वापरतात. गिअरचा दांडा किती आखूड असावा, एक्झॉस्टचा आवाज कसा यावा यावर इंजिनिअर लावले. छपरातून पाणी गळणं, थंडीत सुरू न होणं, दिवे मंद होणं हे मात्र त्यांनी उचललं नाही. या यशाचा परिणाम असा झाला की इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीने १९९२ साली एम.जी.बी.चाच सांगाडा वापरून आर.व्ही.८ नावाची गाडी काढली. जेमतेम दोन हजार बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य विकत घेतल्या जपान्यांनी!

आता चालवण्याबद्दल. आमचा ठरलेला रस्ता म्हणजे डेलावेअर नदीच्या काठाने जाणारा रूट २९, लॅम्बर्टव्हिलपासून फ्रेंचटाउनपर्यंत. पंधरा-सोळा मैल, एका हाताला नदी आणि जुना कालवा, दुसऱ्या हाताला दगडी कडा, मधून मधून झाडांचा बोगदा. दोन्ही गाड्या तिथे किती वेळा नेल्या त्याची मोजदाद नाही.

एम.जी. सुरू करणं हा एक छोटा विधी असतो. किल्ली फिरवली की मागच्या बाजूने पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकू येते. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की ती मंदावते. मग चोक ओढायचा, स्टार्टर मारायचा, इंजिन गरम होईल तसा चोक हळूहळू आत ढकलायचा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही (१९६८च्या मॉडेलपासून तो आला), म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, टाकायचाच तर डबल क्लच मारायचा, आपले एस.टी.चे ड्रायव्हर मारायचे तसा. पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंग करताना दंड भरून येतात, पण गाडी चालू लागली की रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. साठ मैलांपर्यंत पोचायला बारा सेकंद लागतात, मिनीव्हॅनवाले सहज मागे टाकून जातात. आणि साठच्या वेगाला वाऱ्याचा आणि इंजिनचा आवाज असा की बोलणं अशक्य. एवढ्या वर्षांत आमचं एम.जी.त कधी भांडण झालेलं नाही.

मियाटात बटण दाबायचं. बस. १८१ अश्वशक्ती, साठ मैलांना सहा सेकंद, म्हणजे बरोबर निम्म्या वेळात. सहा गिअर, आणि दांडा असा पडतो की कॅरमची सोंगटी अलगद भोकात जावी. वळणावर गाडी आपल्याआधी वळते की काय असं वाटतं. छप्पर काढायचं तर एक खटका सोडायचा आणि बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकायचं. आमच्या एम.जी.चं छप्पर म्हणजे पिकनिकचा तंबू. कापड वेगळं, दांड्या वेगळ्या, बटणं मोजून लावायची. ऑगस्टमधल्या एका सरीत दोन्ही गाड्या फ्रेंचटाउनच्या रस्त्यावर उभ्या होत्या. मियाटावाला पाच सेकंदांत कोरडा. एम.जी.वाल्याने मात्र भर पावसात उभं राहून बटणं लावली, आणि मियाटावाला काच वर करून पाहत होता. आमच्यातला कोण कुठल्या गाडीत होता ते सांगण्याची गरज नाही.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. रूट २९ वर कायद्यात बसेल अशा वेगाने जाताना एम.जी.त माणूस कामात असतो. पुढचं वळण पाहून गिअर आधी उतरवायचा, ब्रेक आधीपासून दाबत आणायचा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. पंचेचाळीस मैलांना आपण शर्यतीत असल्यासारखं वाटतं. त्याच वेगाला मियाटा जांभया देते. तिची खरी मजा यायला आणखी वेग हवा, आणि या वयात पोलिसाला लायसन्स दाखवण्याची हौस आम्हाला उरलेली नाही. मियाटा सगळ्या बाबतींत वरचढ आहे, पण या एका बाबतीत कमी वेगाची गाडी पुढे जाते.

दुरुस्तीबद्दल मात्र लोकांच्या कल्पना उलट्या असतात. जुनी गाडी म्हणजे सतत मेकॅनिक, असं वाटतं. वास्तविक एम.जी.ला मेकॅनिक लागतच नाही, कारण मालकच मेकॅनिक होतो. आम्ही ती १९९४ साली तीन हजार डॉलरला, बंद अवस्थेत घेतली. तेव्हापासून टॅपेट सेट करणं हे काम आमच्यातल्या बांगड्या असलेल्या हातांकडे आहे; फीलर गेजची पंधरा थाऊची पट्टी टॅपेटखाली किती अडावी याचा अंदाज भाकरीचं पीठ मळणाऱ्या बोटांना चटकन येतो. पॉइंट, प्लग, पुढच्या किंगपिनना ग्रीस, कार्बोरेटरच्या डोक्यात चमचाभर तेल, ही कामं दुसऱ्याकडे. पाने इंची लागतात, मेट्रिक चालत नाहीत. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या प्रकारच्या घातल्या. शिसं नसलेल्या पेट्रोलने झडपांच्या बैठका झिजतात, त्या कडक धातूच्या बसवून घेतल्या. आजच्या तेलात जस्त कमी असतं, ते जास्त असलेलं तेल शोधून आणतो. सुटे भाग मात्र शिलाई मशिनच्या सुयांसारखे मिळतात. १९८८ पासून इंग्लंडमध्ये मूळ साच्यांवर एम.जी.बी.ची अख्खी नवी बॉडीसुद्धा बनवून मिळू लागली. या गाडीचं मरण इंजिनात नसतं, गंजात असतं. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर गाडीचा सगळा भार असतो आणि त्या आतून कुजतात.

मियाटाला वर्षातून एकदा तेल बदललं की झालं. उन्हाळाभरात बॉनेट उघडलं ते फक्त पाहुण्यांना दाखवायला. तिच्यात स्टेपनी नाही, हे मात्र आम्हाला पटत नाही. पंक्चरसाठी डबाभर रसायन आणि हवेचा छोटा पंप दिला आहे. मध्यरात्री पोकोनोजच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर त्या डब्याचं काय करायचं?

"पन्नास वर्षांनी मियाटाचे कॉम्प्युटर कोण दुरुस्त करणार?" हा जुन्या गाडीवाल्यांचा आवडता युक्तिवाद. आम्हीही तो करत असू. पण १९९० सालच्या मियाटा आज रस्त्यावर मजेत धावताहेत. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला 'हिस्टॉरिक' पाटी मिळते, म्हणजे त्या मियाटा केव्हाच आमच्या एम.जी.च्या पंक्तीला येऊन बसल्या. जपानात माझदाने २०१७ साली त्या पहिल्या पिढीच्या गाड्या कंपनीतच नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली आणि बंद झालेले काही भाग पुन्हा बनवायला घेतले. तेव्हा हा युक्तिवाद सध्या बाजूला ठेवलेला बरा.

यानंतरचा मुद्दा हा आमच्या घरातला खरा मुद्दा होता. नातीच्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, तुम्ही दोघं चालवा, पण ती एम.जी.त हायवेवर जाणार नाही." सुरुवातीला जरा वाईट वाटलं. मग आम्ही यादी केली. आमची गाडी १९६७ची, म्हणजे १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत सुरक्षेचे संघराज्याचे नियम लागू झाले त्याच्या अगदी आधीची. ब्रेकची नळी एकच. ती फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात आणि हँडब्रेकवर भिस्त. पुढून धडक बसली तर मागे दुमडणारा स्टिअरिंगचा दांडा नाही. पट्टा फक्त कमरेचा. डोक्याला मागून आधार नाही. एअरबॅगचा प्रश्नच नाही. आणि भोवती कोणत्या गाड्या? शेजारच्या लेनमधल्या पिकअप ट्रकचं चाक आमच्या कानाच्या उंचीला येतं. १९६७ साली एम.जी. ज्या गाड्यांत चालायची त्या गाड्या रस्त्यावर राहिलेल्या नाहीत. आम्ही स्वतः तिला नेतो ती सकाळी, कोरड्या हवेत, लहान रस्त्यांवर. सतरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींकडे रात्री जायचं असतं. लेकीचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यात भावनेचा प्रश्न नव्हता.

शिवाय विम्याचं आहेच. जुन्या गाड्यांचा विमा वेगळा असतो. गाडीची किंमत आधी ठरवून लिहितात, हप्ता स्वस्त असतो, पण रोजच्या वापराला बंदी आणि नवख्या चालकांना सहसा मज्जाव. आमच्या पॉलिसीत पंचवीस वर्षांखालचा चालक बसत नाही. म्हणजे नातीला एम.जी. कायद्याने चालवायला आणखी आठ वर्षं. तेव्हा आम्ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीचे असू.

तर झालं असं की क्लच आणि गिअर ती शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मियाटावर शिकली. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली, चौथ्या दिवशी एकदाही नाही. मियाटा त्यासाठी फार चांगली आहे. क्लच हलका, चुका पोटात घालते. आणि एम.जी. ती शिकतेय पान्याने. पॉइंट घासणं, प्लग बदलणं, तेल काढणं तिने या उन्हाळ्यात केलं. टॅपेट उघडताना विचारलं, "आजी, पण हे बिघडलेलं नाहीये ना? मग का काढायचं?" तीन हजार मैल झाले म्हणून, एवढंच उत्तर आजीने दिलं. ते तिला विशेष पटलेलं दिसलं नाही, पण झाकण काढलं.

ज्यांना खरोखर गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. छप्पर उघडून फिरायचं आहे, हात काळे करायची हौस नाही, तर वापरलेली मियाटा घ्या आणि दुसरा विचार करू नका. शनिवार-रविवार कशात तरी घालवायचे आहेत, गराज आहे, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची संमती आहे, तर एम.जी.बी. घ्या, पण आमच्यासारखी नको. १९६८ ते १९७४ मधली, क्रोमच्या बंपरची घ्या. तिला चारही गिअरना सिंक्रोमेश आहे, ब्रेकच्या दोन स्वतंत्र नळ्या आहेत, खांद्यावरून येणारा पट्टा आहे. रबरी बंपरच्या स्वस्त मिळतात, त्यांनाही नाक मुरडू नका. बघायला जाताना खिशात लोहचुंबक न्या आणि दारांखालच्या पट्ट्यांना लावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. मालक कितीही गोड बोलला तरी चुंबकाचं ऐका. आणि वहिनींचं किचन आधी करून घ्या.

एम.जी. विकायची नाही असं आमचं ठरलं आहे. कागदोपत्री ती लेकीच्या नावावर जाईल, नात पंचवीस वर्षांची होईपर्यंत. आमच्याकडे १९९४ पासूनची एक वही आहे. गाडीला काय केलं, किती मैलांवर केलं, कोणता भाग कुठून आणला, सगळं तारीखवार लिहिलेलं, आणि सगळं मराठीत, कारण तेव्हा दुसऱ्या कोणी ते वाचावं असं डोक्यातच नव्हतं. नात मराठी बोलते छान, पण वाचणं मराठी शाळेतल्या तिसऱ्या पुस्तकाशी थांबलं होतं. ती वही तिने सप्टेंबरमध्ये घरी नेली आहे आणि दर आठवड्याला दोन-तीन पानं फोनवर आम्हाला वाचून दाखवते. सध्या २००३ सालापर्यंत आली आहे. 'फॅन बेल्ट सैल, अर्धा इंच ताणला' हे परवा न अडखळता वाचलं. 'झडप' म्हणजे काय ते मात्र विचारावं लागलं.